सड्यावर माझा एक गुंठाही नाही, मग मी कोणत्या तोंडाने बोलू?

पत्र थोडक्यात असं:

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीतून एका ताईंनी लिहिलंय, नाव-गाव अर्थातच देत नाही. वाडीच्या वर मोठा सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार आहे. गुरं तिथे सोडतात, पलीकडच्या वाडीतली पोरं त्यावरनंच हायस्कूलला येतात, शिमग्यात पालखी तिथून जाते, पावसाळा सोडला तर रोज संध्याकाळी क्रिकेट असतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलेल्या बायका सकाळी तिथेच चालतात आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली तिथेच पळतात, त्यात ताईंची मुलगी पण आहे. आता या सड्यावर औद्योगिक क्षेत्र येणार म्हणतात. ड्रोन फिरून गेला, कातळावर लाल रंगाच्या खुणा झाल्या, दलाल सातबारे घेऊन फिरताहेत. ताईंची जमीन खाली, थोडीशी भातशेती, सड्यावर काही नाही. ग्रामसभेत बोलायला उभ्या राहिल्या तर एक जण म्हणाला, "वहिनी, तुमची जागा जात नाही, तुम्ही कशाला मध्ये पडता?" घरात दीर म्हणतो कंपनी आली तर नोकरी लागेल, खेळायला काय, कंपनी मैदान बांधून देईल. ताई विचारतात, "खेळायला-फिरायला जागा राहू दे म्हटलं तर लोक हसतील. प्रकल्प नकोच असं पण माझं म्हणणं नाही. मी बोलू का गप्प बसू?"

ताई,

हसणारे हसू देत, पण आधी तुम्ही स्वतः त्या गोष्टीला हलकं समजताय ते सोडा. गुरांचं, पालखीचं, शाळेच्या वाटेचं तुम्ही ठासून लिहिलंय आणि खेळण्याफिरण्याचं आलं की लगेच आवाज बारीक झालाय. का? कोकणात सपाट जागा असते कुठे हो? घर उतारावर, शाळा उतारावर, खाली जरा सपाटी असेल तिथे भात लावलेलं, रस्त्यावर पळायचं म्हटलं तर वळणावरनं डंपर येतो. भरतीला मुलींना 800 मीटर धावायचं असतं, सलग 800 मीटर सपाट जागा तुमच्या पंचक्रोशीत सड्याशिवाय दुसरी कुठे आहे ते त्या हसणाऱ्याला विचारा. दिराला जी नोकरी कंपनीत दिसतेय तीच तुमची मुलगी सड्यावर शोधतेय, एवढाच काय तो फरक.

आणि नुसती करमणूक असती तरी काय बिघडलं होतं? शहरात लोक बाग वाचवायला कोर्टात जातात, पेपरात फोटो येतात, त्यांना कोणी हसत नाही. गावातली बाई मात्र डोक्यावर भारा असेल तरच मोकळ्यावर दिसलेली चालते, नुसती चालायला गेली की "हिला काम नाही का". ते वेगळं दुखणं आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

आता मुद्द्याचं. गावात सगळे जमीन कोणाची यावर बोलताहेत आणि तुमचा प्रश्न जमीन वापरतं कोण हा आहे. पहिल्याचं उत्तर सातबाऱ्यावर सापडतं, दुसऱ्याचं बहुतेक वेळा कुठेच सापडत नाही. सड्यातल्या कुठल्याही एका गटाचा सातबारा ऑनलाईन काढून बघा, पीक म्हणून गवत नाहीतर पडीक, आणि क्षेत्राचा मोठा भाग पोटखराब, म्हणजे लागवडीत न धरलेला. पुढे प्रकल्पाच्या अहवालात याच जागेला ओसाड, खडकाळ म्हणतात. कोणी मुद्दाम खोटं लिहितं असं नाही, जो माणूस मे महिन्यात दुपारी गाडीतून उतरून सडा बघणार त्याला काळा कातळ आणि करपलेलं गवतच दिसणार ना. त्याला जुलैत बोलवायला पाहिजे, खळग्याखळग्यात पाणी, त्यात गेंद आणि सीतेची आसवं ही रानफुलं, कडेला तेरडा, आणि तेच पाणी जांभ्यातनं मुरून खाली तुमच्या पऱ्याला (ओढ्याला) आणि विहिरीला येतं. पण अहवाल लिहिणारा जुलैत आला तरी संध्याकाळी साडेपाचला येत नाही, आणि सड्यावर माणसं असतात ती सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी. म्हणून कागदावर तिथे माणूस नाही.

बारसूचं उदाहरण तुमच्या जवळचंच आहे. नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना 2019 च्या मार्चमध्ये रद्द झाली, मग त्याच राजापूर तालुक्यात बारसू-सोलगावचं नाव पुढे आलं, 2023 च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाच्या वेळी पोलीस आले, बायका रस्त्यात आडव्या झाल्या, अश्रुधूर झाला, हे सगळं टीव्हीवर बघितलंच असेल. मला त्यातलं वेगळंच सांगायचंय. त्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं. गुराख्यांना ती पिढ्यान् पिढ्या माहीत होती, लोक त्यावरनं ये-जा करत होते, कोणाला त्यात विशेष वाटत नव्हतं. मग रत्नागिरीतल्या हौशी अभ्यासकांनी गावोगाव फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून एकेक चित्र शोधलं, मोजलं, नोंदवलं, आणि 2022 मध्ये कशेळी, उक्षी, जांभरुण, देवीहसोळ, देवाचे गोठणे, रुंढे तळी यांच्या बरोबर बारसूचं नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं. त्यानंतर त्या सड्याला नुसतं ओसाड म्हणणं कोणालाच जमेना, प्रकल्पाची बाजू घेणाऱ्यांना पण "कातळशिल्पांना हात लावणार नाही" असं म्हणावं लागलं. कातळ तोच होता, फक्त त्याची नोंद झाली. (जाता जाता, देवाचे गोठणेला एका जागी होकायंत्राची सुई भरकटते, गेलात तर मुलीला दाखवा.)

तुमच्या सड्यावर कातळशिल्पं असतील-नसतील, माणसं तर आहेत. त्यांची नोंद कोणी केलीय?

आता "तुमची जागा जात नाही" याचं बघू. हे बोलणारा माणूस अर्धा बरोबर आहे आणि ते अर्धं मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. सडा सगळ्यांचा आहे असं आपण म्हणतो पण तो सगळ्यांचा नाही. आपल्या जिल्ह्यात गायरान आणि सरकारी जंगल तसं थोडकंच, बहुतेक सडे खासगी, एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत आणि काही तर वारलेल्यांची. या लोकांनी इतकी वर्षं कोणाला हटकलं नाही म्हणून तुमची पोरं तिथे खेळली. त्यांच्यातला एखादा आता डोंबिवलीच्या वन रूम किचनचा हप्ता फेडायला हिस्सा विकत असेल तर तो गावाचा दुश्मन नाही. त्याच्याशी भांडण काढून तुमचा मुद्दा पुढे जाणार नाही, उलट तुम्हाला लागणारा सगळ्यात उपयोगी साक्षीदार तोच आहे, कारण "हो, ही वाट आमच्या आजोबांपासून आहे" हे मालकाने लिहून दिलं तर त्याच्यापुढे दुसऱ्या कोणाचं काय चालणार.

पण मालक लिहून द्यायला घाबरतात, आणि कशाला घाबरतात ते तुम्हाला माहितीच आहे, "नोंद झाली की कूळ लागेल", म्हणजे जमिनीवर दुसऱ्याचा हक्क लागेल. कूळकायद्याची ती भीती कोकणात घरोघरी आहे, आजोबांनी सांगितलेली असते, बापाने सांगितलेली असते. त्यांना शांतपणे सांगा की कूळ लागतं ते जमीन कसणाऱ्याला, वाटेवरून चालणाऱ्याला किंवा बॅट फिरवणाऱ्याला कूळ लागत नाही. गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा हे बोलणं सगळ्यात सोपं, भजन संपल्यावर चहा घेताना.

उरलेलं अर्धं मात्र तो चुकला. हक्क फक्त मालकीचाच असतो असं नाही. वहिवाटीचा हक्क 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात आहे, उघडपणे, बिनतक्रार, कोणाची परवानगी न घेता सलग 20 वर्षं वाट वापरली असेल तर खासगी जमिनीवर तो हक्क सांगता येतो, सरकारी जमिनीवर 30 वर्षं लागतात. यात "परवानगी न घेता" हे फार महत्त्वाचं. उद्या कोणी जमीन घेणारा येऊन म्हणाला की आम्ही तुम्हाला ये-जा करायला पास देतो, इथे सही करा, तर ती सही म्हणजे आतापर्यंत आम्ही याच्या मेहेरबानीने जात होतो अशी कबुली होते. असले पास हातात पडले तर कोणाला तरी जाणत्याला दाखवल्याशिवाय घेऊ नका.

सगळे वापर सारखे नसतात हे पण समजून घ्या. वाट, पाणी, पालखीचा मार्ग, राखणदार देवाची जागा, हे कायद्यात बऱ्यापैकी भक्कम उभं राहतं. गुरं चारणं मध्यम. खेळणं आणि फिरणं सगळ्यात कच्चं, कारण ते एका घराचा हक्क म्हणून सांगता येत नाही, गावाची जुनी रूढी म्हणून सिद्ध करावं लागतं आणि क्रिकेटची रूढी शिमग्याइतकी जुनी थोडीच आहे. म्हणून कागदावर नुसतं "क्रीडांगण" लिहू नका, सगळे वापर एकत्र लिहा, म्हणजे भक्कमाच्या आधाराने कच्चं पण टिकतं. ज्या वाटेने पालखी जाते त्याच वाटेने मुली पळायला जातात, ज्या मांडावर शिमग्याचे खेळे होतात तिथेच पोरांचं पीच आहे, हे तुमच्या गावात असणारच.

आणि आता कडू भाग. भूसंपादन एकदा पूर्ण झालं की जमीन सरकारकडे सगळ्या बोजांतून, म्हणजे दुसऱ्यांच्या हक्कांतून, मोकळी होऊन जाते, एमआयडीसीच्या 1961 च्या कायद्यात तसं स्पष्टच आहे, आणि त्या बोजांत तुमची वाट पण आली. नंतर शंभर वर्षांची वहिवाट सांगून फारसं काही हाती लागत नाही. म्हणजे बोलायचं असेल तर आत्ता. "बघू काय होतंय, सगळे बोलतील तेव्हा बोलू" हा पर्याय वाटतो तितका सुरक्षित नाही, गप्प बसणं म्हणजे पण एक निर्णयच झाला.

मग करायचं काय. पहिल्यांदा गावनकाशा. तलाठ्यांकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) किंवा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. टेबलावर पसरा आणि तुमच्या सड्याचे गट नंबर शोधा. त्यावर बारीक तुटक रेघा दिसतील, दोन समांतर तुटक रेघा म्हणजे गाडीमार्ग, एकच तुटक रेघ म्हणजे पायमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात, म्हणजे ज्याला आपण पायवाट म्हणून सोडून देतो ती कागदावर चांगली बैलगाडी जाईल एवढी असते. रेघ कुठल्या गटातून निघून कुठल्या गटात उतरते ते पेन्सिलीने लिहून घ्या. तुमची हायस्कूलची वाट त्या रेघेवर असली तर अर्धी लढाई तिथेच झाली. नसली तरी घाबरायचं कारण नाही, पुष्कळ वाटा नकाशावर नाहीतच.

दुसरं, पोटखराबाचा वर्ग बघा. बहुतेकांना माहीत नसतं की पोटखराब दोन प्रकारचं असतं. वर्ग अ म्हणजे लागवडीला नालायक. वर्ग ब म्हणजे सार्वजनिक कामासाठी ठेवलेलं, रस्ता किंवा मान्य पायवाट गेलेली, लोक पाणी भरतात असा ओढा किंवा तळं, स्मशान. सड्यातल्या एखाद्या गटात वर्ग ब ला दोन-चार गुंठे पडलेले दिसले तर तिथे काय आहे ते शोधा, कोणीतरी जुन्या काळी तुमची वाट किंवा पाणवठा मोजून ठेवलेला असू शकतो.

तिसरं, वापराची वही. साधी शाळेची दोनशे पानी वही चालेल. कोण, कुठल्या वाडीचं, किती वाजता, कशासाठी, कुठून चढून कुठे उतरतं. गुरं कोणाची किती. पालखी कुठे थांबते. ज्येष्ठांची चार वाक्यं आणि अंगठा किंवा सही. क्रिकेटच्या स्पर्धांची जुनी पोस्टरं पोरांच्या मोबाईलमध्ये असतात, त्यावर तारीख असते, ती काढून ठेवा, लग्नाच्या अल्बममध्ये वरातीचे फोटो सड्यावरचे असतात ते पण. जीपीएसवाला फोटो काढायचं ॲप मुलीला येत असेल, तिलाच वाटेवरनं फोटो काढत चालायला सांगा. वर्षाचे सगळे ऋतू त्यात आले तर उत्तम, पण वर्षभर थांबायला वेळ नाही, आहे ते घ्या.

चौथं, तुम्ही उभ्या राहिलात ती ग्रामसभा. तिथे परत एकट्या उभ्या राहू नका. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं ग्रामपंचायतीच्या कायद्यातच आहे, बऱ्याच ठिकाणी ती नुसती रजिस्टरवर सह्या घेऊन उरकतात. यावेळी खरी भरवा. सकाळी चालायला येणाऱ्या सगळ्या बायका, भरतीच्या मुलींच्या आया, गुरं घेऊन जाणाऱ्या म्हाताऱ्या आल्या तरी खोली भरेल. ठराव प्रकल्पाच्या बाजूचा किंवा विरोधाचा करू नका, कारण त्यावर तुमच्या बायका पण फुटतील आणि फुटणं साहजिक आहे. ठराव एवढाच करा की अमुक गटांतून जाणारी वाट, पाणवठा, मांड, खेळाची जागा गावाच्या नित्य वापरात आहे आणि कुठल्याही आखणीत ती धरली जावी. गट नंबर आणि वही जोडा. ग्रामसभेचा असा ठराव सरकारला बांधून ठेवतो का? आपल्याकडे नाही. पण पुढच्या प्रत्येक टेबलावर तो तुमच्या हातात असतो आणि "गावाने कधी सांगितलंच नाही" असं कोणी म्हणू शकत नाही.

त्या पुढच्या टेबलांचा क्रम लक्षात ठेवा. एमआयडीसीच्या कायद्याने संपादन असेल तर कलम 32(2) खाली नोटीस निघते, जमीन का घेऊ नये याची कारणं सांगा म्हणून. ती सातबाऱ्यावरच्या नावांना जाते, तुमच्या घरी येणार नाही, पण कायद्यात मालकाबरोबर हितसंबंध असलेल्या इतरांचा पण उल्लेख आहे, त्यामुळे मुदतीत तुम्ही हरकत अर्ज देऊ शकता, वही आणि ठरावाची प्रत लावून. कोणाला नोटीस आली हे कळण्यासाठी मालकांशी बोलणं चालू पाहिजे, म्हणून मघाशी चहाचं सांगितलं. मग संयुक्त मोजणी होते. त्या दिवशी गावातली चार माणसं सड्यावर हजर पाहिजेत, भांडायला नाही, दाखवायला. आंब्याची झाडं, विहिरी, गडगे (दगडी कुंपणं) मोजणीच्या कागदावर चढतात कारण त्यांचे पैसे असतात आणि मालक बोट दाखवतो. वाटेचे पैसे कोणालाच मिळत नाहीत म्हणून तिच्याकडे बोट कोणी दाखवत नाही. तुम्ही दाखवा आणि कागदावर आलंय का ते बघून घ्या, नाही आलं तर त्याच आठवड्यात लेखी द्या.

पर्यावरणाची जनसुनावणी हे तिसरं टेबल, आणि माझ्या मते तुमच्यासाठी सगळ्यात चांगलं. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे ती प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवतं, निदान 30 दिवस आधी पेपरात जाहीर व्हावी लागते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अपर जिल्हाधिकारी अध्यक्ष असतात, व्हिडिओ शूटिंग होतं आणि शेवटी कामकाजाचा गोषवारा मराठीत वाचून दाखवावा लागतो. तिथे सातबारा मागत नाहीत. स्थानिक बाधित माणूस म्हणून तुम्ही जितक्या आहात तितकाच मालक आहे, "वहिनी तुमची जागा जात नाही" हे वाक्य त्या मांडवात लागू होत नाही. अहवाल इंग्रजीत असतो पण त्याचा सारांश मराठीत द्यावा लागतो, तो कलेक्टर ऑफिसात, जिल्हा परिषदेत, ग्रामपंचायतीत बघायला मिळतो. त्यात जमिनीच्या वापराचा नकाशा उघडा आणि तुमचा सडा कुठल्या रंगात, काय म्हणून दाखवलाय ते बघा. ओसाड लिहिलं असेल तर तुमचं भाषण तयार आहे, दोन मिनिटांचं, भावनेचं कमी आणि गट नंबरांचं जास्त, आणि बोललेलं सगळं लेखी पण द्या. एक खाचखळगा सांगून ठेवते, औद्योगिक क्षेत्राला एकदा पर्यावरण मंजुरी मिळाली की नंतर आत येणाऱ्या एकेका कारखान्याची वेगळी सुनावणी बहुतेक होत नाही. "कंपनी कुठली ते तर कळू दे, मग बोलू" असं म्हणत बसलात तर सुनावणी होऊन गेलेली असेल.

आता दिराचं मैदान. ती कल्पना लगेच उडवून लावू नका पण चार प्रश्न विचारा. कुठे? वाडीपासून चालत किती? मुली सकाळी अंधारात तिथे एकट्या जातील का? आणि गेट कोणाकडे, किल्ली कोणाकडे? हायवेच्या कडेला फ्लडलाईट लावलेलं मैदान फोटोत छान दिसतं, पण तिथे रिक्षाने जावं लागलं तर मुलांचं भागेल, मुलींचं आणि म्हाताऱ्यांचं बंद होईल. तसंच हरित पट्ट्याचं. कंपन्या हरित पट्टा अभिमानाने सांगतात, तो असतो कुंपणाच्या आत, तुम्हाला त्याचा उपयोग शून्य. शिवाय सड्यावर खड्डे मारून माती टाकून झाडं लावली की सडा राहतच नाही, त्याचं वैभव गवत, पावसाळी फुलं आणि मोकळेपणा हेच आहे.

मला विचाराल तर प्रकल्प नकोच हे ज्यांना म्हणायचंय त्यांनी जरूर म्हणावं, नाणारचं रद्द झालंच की. पण नाणारचं रद्द झालं आणि बारसूचं आलं, म्हणजे एका सड्यावरनं उठून दुसऱ्यावर, आणि दुसऱ्या गावाने परत पहिल्यापासून सुरुवात केली. तुम्हाला प्रकल्पावर मत ठरवता येत नसेल तर नका ठरवू, सड्याचा कुठला भाग कुठल्याही परिस्थितीत कुंपणाच्या बाहेर राहायला हवा एवढं ठरवा. सहसा तो अख्खा सडा नसतो. वाडीकडची कड, वाट, पाणवठा आणि त्याच्या वरचा उतार, मांड, देवाची जागा, असा एक सलग पट्टा निघतो. सलग हे महत्त्वाचं, सुटे सुटे तुकडे सोडले तर मधल्या वाटेला कुंपण पडतं आणि तुकडे नुसते नकाशावर राहतात. आखणी पक्की व्हायच्या आधी असा पट्टा वगळायला सांगणं हे मोठं मागणं नाही, आखणी पक्की झाल्यावर मात्र फार मोठं होतं.

दलाल जमीन घेऊन आत्ताच गडगा घालायला लागले असतील तर या सगळ्या टेबलांसाठी थांबू नका. चालू वाट अडवली की 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो, पण अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत. सातव्या महिन्यात गेलात तर तिथला दरवाजा बंद, मग दिवाणी कोर्ट आणि त्याच्या तारखा. वकिलाच्या खर्चाची भीती असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा, महिलांना तिथे मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. हे पुष्कळ बायकांना माहीतच नसतं, वाडीत सांगा.

सर्वेक्षणाच्या दिवशी रस्ता अडवायला कोणी बोलावलं तर जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी सांगणार नाही. फक्त मनाई आदेश लागू आहे का ते आधी विचारा आणि मुलीच्या भरतीचा विचार करा, चारित्र्य पडताळणीच्या वेळी गुन्हा आडवा येतो. तिला त्या दिवशी घरी ठेवलं तर कोणी भित्री म्हणणार नाही, म्हटलं तर म्हणू दे.

इतर भागातल्या वाचकांसाठी थोडं. देशावर आणि मराठवाड्यात जागा बहुतेक गायरानाची निघते, तिथे जगपाल सिंग खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा 2011 चा निकाल अर्जात जरूर लिहा, गावाच्या सामायिक जमिनी वाचवण्याबद्दलच आहे. विदर्भातल्यांनी निस्तार पत्रक काढावं, गावाचे वापर त्यात लिहिलेले असतात, कोकणाला असलं काही मिळालं नाही याचा मला हेवा वाटतो. वनजमीन असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा, आणि पेसा क्षेत्रात (आदिवासी अनुसूचित भागात) ग्रामसभेचं वजन आमच्यापेक्षा पुष्कळ जास्त. सड्यावर दुर्मिळ काही असेल तर जैवविविधता समितीच्या नोंदवहीत चढवून घ्या, आंबोलीला हिरण्यकेशीतल्या एका माशासाठी जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झालंय, 2021 मध्ये.

शेवटी दिराबद्दल, कारण पत्र वाचताना मला तो खलनायक वाटला नाही, काम शोधणारा मुलगा वाटला. त्याला विचारा, नोकरी देणार हे तुला कोणी सांगितलं, आणि कशावर लिहून दिलं? दलालाने सांगितलं असेल तर त्या शब्दाची किंमत त्याला पण ठाऊक आहे. मग त्यानेही लेखीच मागावं, किती जागा, कुठलं शिक्षण लागेल, आयटीआयचा कुठला ट्रेड, जमीन न गेलेल्यांना धरणार का. तुम्हा दोघांचं दुखणं इथे एकच आहे, सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांना कोण विचारणार. एकाच अर्जात दोन्ही मुद्दे घाला, वर त्याची सही, खाली तुमची, तीन प्रती काढा, एक ग्रामपंचायतीत, एक प्रांत ऑफिसात, आणि तिसरीवर दोन्हीकडचा आवक नंबर आणि तारखेचा शिक्का घेऊन ती घरी वहीत ठेवा. गावनकाशाला त्यालाच सोबत न्या. क्रिकेट तोच खेळतो ना तिथे, कुठला खांब कोणाच्या गटात येतो हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असणार.